वेगळा कागद

गावाचं नाव सांगणार नाही.
वर्धा नदी ओलांडली की डावीकडे, एवढंच;
आणि तेही डावीकडेच असेल असं नाही.

कुडाची भिंत, टिनाचं छप्पर,
दारात खुंटीला टांगलेली निळी पिशवी.
पिशवी निळी नव्हती.
रंग बदललाय. वय दोन-तीन वर्षं इकडेतिकडे केलंय,
ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं:
लहान गावात नुसतं नाव खोडून भागत नाही.
चाळिशीची, शिवणयंत्रवाली,
तीन लेकरांतलं एक गेलेली,
एवढं म्हणा,
की पानठेल्यावरचं शेंबडं पोरगंही सांगेल
कोणाची सून ती.

सिकलसेलचा सर्व्हे होता.
रक्त गोल आहे की विळ्यासारखं, ते पाहायचं.
बोट टोचण्याआधी संमतीपत्र वाचून दाखवलं.
"माहिती गोपनीय ठेवली जाईल"
इथे तिने हात वर केला, वर्गात करतात तसा.
"गोपनीय म्हंजे?"
कोणाला सांगणार नाही.
"सासूले?"
नाही.
"सरपंचाले?"
नाही.
"अन् देवाले?"
आम्ही दोघी हसलो. तिचं हसू आधी थांबलं.

शाईचं पॅड पुढे केलं, तर तिने बाजूला सारलं.
पेन मागितला.
मी घड्याळ पाहिलं नाही, अजून अकरा घरं बाकी होती तरी.
पहिलं अक्षर ओळीच्या वर चढलं,
काना खाली उतरला, उसवलेल्या टाक्यासारखा.
(शिवणयंत्रही खरं नाही. पण उपमा राहू दे.)

"वीस वर्सं झाले या घरात येऊन,
माह्यं नाव कोनी इचारलंच नाही.
पोराची माय, याची बायको, त्याची वहिनी.
मोठ्ठं लिव्ह बाई तुह्या मशीनमंदी."

मशीनमध्ये नावाला जागा नव्हती.
घर एकोणतीस, व्यक्ती दोन.
नाव फक्त त्या कागदावर,
आणि तो कागद वेगळा,
वेगळ्या फायलीत, लोखंडी कपाटात,
चावी मॅडमच्या पर्समध्ये.
पाच वर्षांनी जाळायचा.
हेही संमतीपत्रात होतं. मी वाचलंही होतं,
जरा घाईत.

दोन महिन्यांनी फाट्यावर एक माणूस भेटला.
न विचारता माझा चहा सांगितला.
तिच्या पोरीला पाहायला जाणार होते ते लोक.
"त्या घरचं रक्त कसं निंगालं म्याडम?
बोलू नोका. नुसती मान हालवा."

मला माहीत होतं.
गळ्यावर माशी येऊन बसली,
तीही हाकलली नाही मी.
मान जराशी हलली असती
तर ती पोरीच्या जन्मभर हलत राहिली असती.
रिपोर्ट नागपूरला जातात, मला नाही कळत, म्हटलं.
अर्धं खोटं.
मग म्हटलं, तुमच्या पोराचंही तपासून घ्या,
सरकारी दवाखान्यात फुकट होतं.
त्याचा चहा बशीतच राहिला.

लग्न जमलं की नाही?
तेही सांगणार नाही.

अहवाल छापून आला तेव्हा एक प्रत घेऊन गेले.
तक्ता चार. टक्के, दशांश, खाली बारीक टीप.
तिने एकेका आकड्यावर बोट फिरवलं,
टोचलं होतं तेच बोट.
"यात मी कुठं?"
सापडत नाही ना, म्हटलं,
म्हणजे बरोबर छापलंय.

तिला ते पटलं नाही.
भिंत नुकतीच लिंपलेली, शेणमाती अजून ओली.
उठली,
आणि रस्त्याकडच्या बाजूला
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं
बोटाने नाव काढलं,
काना या वेळी सरळ.

मी उभी राहून वाचलं.
इथे लिहीत नाही.